न वटलेला चेक

अमेरिकेत सिनसिनाटीला राहायला आल्यावरच्या पहिल्या होळीला मी शेजारच्या निवृत्त गृहस्थांना पुरणपोळी खायला बोलावले, तेव्हा त्यांनी कुंपणापलीकडून हसून सांगितले की आज जमणार नाही, पण ‘रेन चेक’ घेतो. आभाळ निरभ्र होते. पावसाचा संबंध कळेना. आणि चेक म्हणजे बँकेचाच, या समजुतीमुळे जेवायला बोलावल्याबद्दल मला पैसे मिळायचे आहेत की द्यायचे आहेत, हेही कळेना.

उलगडा त्यांनीच केला. बेसबॉलचा सामना पावसाने वाया गेला, तर तिकिटाचा जपून ठेवलेला तुकडा दाखवून प्रेक्षकाला पुढचा एखादा सामना पाहता येई. एकोणिसाव्या शतकातल्या मैदानांवरची ही सोय पुढे बोलीभाषेत शिरली आणि सभ्य नकाराचे नाव होऊन बसली. आपणही ‘बघू’, ‘येऊ एकदा सवडीने’ असे म्हणतोच. पण आपल्या ‘बघू’ला पावती नसते. अमेरिकेत नकार देणाराच पावती खिशात घालतो आणि देणे मात्र यजमानाकडे राहते. एवढा व्यवहारी शिष्टाचार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

सगळे खेळाडू उघडपणे पगारी असलेला देशातला पहिला बेसबॉल संघ १८६९ साली याच शहरात उभा राहिला, त्यामुळे इथल्या कचेरीतही मैदानाचीच भाषा चालते. ढोबळ आकडा हवा असेल तर ‘बॉलपार्क’ आकडा मागतात, आणि अनपेक्षित प्रश्न हा ‘कर्व्हबॉल’ असतो. गुगली टाकणाऱ्या आणि विकेट काढणाऱ्या मराठी माणसाला यात परके काहीच वाटू नये. मला अडखळवले ते ‘स्ट्राइक आउट’ने. चेंडू हुकला की तो ‘स्ट्राइक’, आणि असे तीन झाले की फलंदाज बाद. महिनाभर खपून तयार केलेला प्रस्ताव वरिष्ठांनी नाकारला, तेव्हा माझा सहकारी कॉफीचा पेला हातात घेऊन, ‘झालो स्ट्राइक आउट’ असे हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे सांगत होता. आपल्याकडे विकेट उडालेला फलंदाज मान खाली घालून तंबूत परततो, त्या डावापुरता त्याचा खेळ संपतो. बेसबॉलमध्ये बाद झालेल्याची पाळी त्याच सामन्यात पुन्हा येते, आणि दहात तीनदा फटका साधणारा तिथे उत्तम फलंदाज मानला जातो. अपयशाची लाज या शब्दाला चिकटलेली नाही, ती त्यामुळेच असावी.

मात्र हाच शब्द कायद्यात शिरला, तेव्हा त्याचा खेळकरपणा पार आटला. कॅलिफोर्नियाने १९९४ साली ‘तीन स्ट्राइक’चा कायदा केला, त्यानुसार नावावर आधीचे दोन गंभीर गुन्हे असलेल्या माणसाला तिसऱ्या अपराधाबद्दल, तो तुलनेने किरकोळ असला तरी, पंचवीस वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ लागली. गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्या एकाची अशी शिक्षा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. मतदारांनी कायद्याची धार थोडी कमी केली, ती २०१२ साली. कानाला खेळाचा वाटणारा नियम मतदारांच्या गळी सहज उतरतो, अशी मला शंका आहे. पुढच्या पाळीची गोष्ट तेवढी मैदानावरच राहिली.

शेजाऱ्यांचा चेक काही अजून वटलेला नाही. यंदाही त्यांच्या वाट्याच्या चार पोळ्या फ्रीझरमध्ये आहेत, आणि कुंपणापाशी भेट झाली की ते खिशावर हात ठेवून मिस्कील हसतात.