आरामाले निमित्त लागते

आमच्याकडे कोणी भर दुपारी नुसतं बसलेलं दिसलं ना, की येणारा जाणारा हमखास विचारतो, "काहून बसला बाप्पा, बरं नाही का?" बरं आहे म्हटलं की त्याची नजर बदलते, म्हणजे हा रिकामा आहे, याला काम सांगता येते. त्यामुळे आमच्या गावात आराम कोणी करत नाही, तो काहीतरी करता करता होऊन जातो. माणूस बैलाला कुटार टाकायला गोठ्यात जातो अन् अर्धा तास तिथल्या बाजेवर पडून येतो. बाया डाळ निवडायला घेतात, डाळीत खडा असो नसो.

मोबाईलवर रोज कोणीतरी गोड आवाजात सांगतं की स्वतःसाठी वेळ काढा, सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून शांत बसा. आता आमच्या घरी सकाळी पाचला कोणी डोळे मिटून बसलं तर आई म्हणेल, "झोपाचं असन त आंदर जाऊन झोप, मले इथं झाडाचं हाय." सांगणाऱ्याचं चुकत नाही, पण वेळ काढा म्हणणं सोपं आहे, सोयाबीन सोंगायला आलं की वेळ कोणाच्या बापाचा नसतो. म्हणून माझं मत असं झालंय की डोक्याला लई ताप असलेल्या माणसानं वेळ शोधू नये, निमित्त शोधावं.

गावातलं सगळ्यात चालू निमित्त म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून घोटत बसायचं. नीट पाहिलं तर त्यात गंमत अशी की मजूर सकाळपासून वाकून वाकून निंदण करतो, अन् खर्ऱ्यासाठी कडुलिंबाखाली बसतो तेव्हा पहिल्यांदा त्याची कंबर टेकते, बाजूच्याशी दोन शब्द होतात, घाम सुकतो, हात एका लयीत चालतो. ते जे बरं वाटतं ना ते बरंचसं बसण्याचं असतं आणि श्रेय सगळं घेऊन जातो तंबाखू. तंबाखूतलं निकोटीन तर उलट छातीची धडधड वाढवतं, आणि जी तलफ भागल्याचं सुख वाटतं ती तलफही त्यानंच लावलेली असते. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं कधीचंच सांगून ठेवलंय. 2012 साली महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली, पण खर्रा तर टपरीवर डोळ्यासमोरच घोटून मिळतो. आमच्या शेजारच्या काकाजीचं तोंड दोन बोटं उघडेना तेव्हा डॉक्टरनं दम दिला, अन् आता ते त्याच जागी, त्याच पन्नीत, भाजलेली जवस, ओवा अन् बडीशेप घेऊन बसतात. पोट्टे हसतात. काकाजी म्हणतात, "हासा लेकहो, बसनं त सोडलं नाही ना मी." मला हे लई हुशारीचं वाटतं, सवयीतलं विष काढलं अन् सावली ठेवली.

माझं ऑनलाईनचं दुकान आहे, सातबारा, पीक विमा, केवायसी वगैरे. दिवसभर लोकांचं टेन्शन काउंटरवर येऊन पडतं आणि त्यातलं अर्धं टेन्शन अंगठ्याचं असतं. कापूस वेचणाऱ्या बाईचा अंगठा कधी जवळून पाहा. बोंडाच्या सुकल्या टोकांनी नखाजवळ बारीक बारीक चिरा पडलेल्या, त्या चिरांत मातीची काळी रेघ बसलेली, आणि मधल्या ज्या रेषांवर सगळं सरकार चालतं त्या घासून गुळगुळीत. मशीन लाल लाईट मारते, पुन्हा प्रयत्न करा. बाई बिचारी मशीनची माफी मागितल्यासारखी अंगठा पदराला पुसते. मी काउंटरवर एक ओला फडका ठेवतो, कोरड्या बोटाला त्यानं थोडा फरक पडतो, आणि सगळ्यांना सांगतो की रात्री कोमट पाण्यानं हात धुऊन खोबरेल तेल चोळत जा, चिरा भरतील, मग अंगठा लागेल.

एक बुढी माय हे ऐकून गेली अन् पुढच्या वेळी आली तर अंगठा पहिल्याच झटक्यात लागला. तिचा चेहरा असा काही फुलला की जसं काही मॅट्रिक पास झाली. मग म्हणे, "हातासंगं पायालेबी लावून राह्यली मी. हाताले लावलं मंग पायानं काय पाप केलं?" टाचेच्या भेगांतून रक्त यायचं तिच्या, आता रोज निजायच्या आधी बाजेवर बसून दोन्ही पाय चोळते, सून टीव्ही पाहते, ही तेल लावते. तिला मी म्हटलं असतं ना की माय, दिवसातून थोडा वेळ स्वतःचे लाड करत जा, तर तिनं मला वेड्यात काढलं असतं. मशीनसाठी कर म्हटलं तर केलं. आजकाल बऱ्याच कामांत चेहरा दाखवूनही केवायसी होते, अंगठ्याची गरज पडत नाही, पण ते मी तिला मुद्दाम सांगितलं नाही.

झोपेचं मात्र अवघड आहे. मोठ्या माणसाला कमीत कमी सात तास झोप पाहिजे हे खरं, पण मोटारीची थ्री फेज लाईन रात्रीची असली की हरभऱ्याच्या ओलितासाठी माणूस बॅटरी घेऊन रात्री एक वाजता वावरात उभा असतो, त्याला लवकर निजत जा म्हणून सांगणं म्हणजे चेष्टाच. त्यानं दुपारी जेवण झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आडवं व्हावं, अलार्म लावून, कारण तासभर ताणली तर उठल्यावर डोकं जड होतं अन् रात्रीचीही जाते. निमित्त विचारलं कोणी तर सांगायचं रात्री ओलीत आहे, कोणाची हिंमत होत नाही उठवायची. आणि ज्यांना ओलीत-बिलीत काही नाही, नुसतेच रात्री बारापर्यंत रील सरकवत पडतात (माझ्यासारखे), त्यांनी निदान संध्याकाळचा चहा आवरावा, चहातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगातच असतं. चार्जर मी बाहेरच्या खोलीतल्या बोर्डावर नेऊन टाकलाय, घरच्यांना सांगितलं आतल्या बोर्डात स्पार्क होतो. होतोच थोडासा.

उन्हाळ्याचं तर काय सांगावं, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे 45 च्या वर जाते अन् आमच्या यवतमाळकडेही काही थंड हवा नाही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. कांद्यात तशी काही जादू नाही, पण कांदा खिशात ठेवणारा माणूस दुपट्टाही बांधतो अन् निघताना गडव्यानं पाणी पिऊन निघतो, तर राहू दे म्हटलं कांदा. तहान लागायची वाट पाहू नये एवढंच. जुलाब-उलटी झाली अन् घरी ओआरएसचं पाकीट नसलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे चमचे साखर अन् अर्धा छोटा चमचा मीठ, चमचे सपाट, हे लक्षात असू द्यावं.

शांत बसण्याचंही आमच्याकडे निमित्त होतं की हो. तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला आणि गावोगावी सकाळचं सामुदायिक ध्यान अन् संध्याकाळची प्रार्थना लावून दिली. सगळे सोबत बसलेत म्हटल्यावर कोण म्हणणार रिकामा बसला म्हणून. आमच्या गावात अजून दहा-बारा म्हातारे येतात, पोट्टे येत नाहीत, पोट्टे तेच ॲपवर शोधतात अन् वर्षाचे पैसे भरतात.

पण तेल, झोप, प्रार्थना यानं सगळंच जात नाही हेही खरं आहे. पीक गेलं, कर्ज थकलं, माणूस जेवेना, बोलेना, जगून काय फायदा असं म्हणायला लागला तर तिथं निमित्त शोधत बसू नये, त्याला एकटं सोडू नये. सरकारची टेली-मानस म्हणून लाईन आहे, 14416, 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मी तो नंबर दुकानात मोठ्या अक्षरात लावलाय, रेशनच्या नंबरच्या बाजूलाच, म्हणजे कोणी पाहिला तरी वाटावं रेशनचाच पाहून राह्यला.

राहिल्या बाया. माणसांना पार आहे, पानटपरी आहे, बायांना काय? पहिले हापशी होती. गुंड (घागर) घेऊन रांगेत उभं राहायचं, तास जायचा, हात दुखायचे, पण मनातलं सगळं तिथं निघून जायचं. आता जलजीवनमधून घरोघरी नळ आला, फार चांगलं झालं, मानेवरचं ओझं गेलं, कोणी मागे जा म्हणणार नाही. फक्त तो तासभराचा जमावडा पण गेला अन् त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. की आलं? कारण मी पाहतो ना, केवायसी करायला एकटी बाई कधीच येत नाही, तिघी-चौघी मिळून येतात, माझ्या बाकावर बसतात, माठातलं पाणी पितात, सासूपासून सोयाबीनच्या भावापर्यंत सगळं होते. परवा सर्व्हर बंद होतं, बऱ्याच वेळानं आलं, मी आवाज दिला, "चला जी काकू, आलं सर्व्हर, अंगठा द्या." तर काकू मान न वळवता म्हणते, "थांब ना बाप्पा दोन मिनिटं, हिचं सांगनं त होऊ दे."