तुम्ही विचारलंत म्हणून: त्या जाळीपाशीच का?

"इतकी नवी हॉटेलं उघडतात आणि तू मात्र बाहेर जेवायचं म्हटलं की त्या एकाच ठिकाणी. असं आहे तरी काय तिथे?" मैत्रिणी विचारतात, ऑफिसातले विचारतात, गेल्या महिन्यात भाचीनेही विचारलं. दर वेळी "एकदा चल, मग कळेल" म्हणून मी विषय संपवते. पण प्रश्न मनापासून विचारलेला असतो, त्याला उत्तरही तसंच द्यायला हवं. म्हणून आज लिहिते आहे.

ते हॉटेल एका कुटुंबाचं आहे. सात टेबलं, बाहेरच्या खोलीला लागून उघडी भट्टी, तिच्यावर लांबलचक लोखंडी जाळी. जाळीपाशी काकू आणि काका, ताटं ने-आण करायला त्यांचा मुलगा, कापाकापीला मुलगी आणि गल्ल्यावर आजी. फळ्यावर खडूने आठ-नऊ नावं लिहिलेली असतात: कोंबडी, मासा, वांगं, कांदा, कणीस, बटाटा, शेकलेला पाव. सगळं निखाऱ्यावर भाजलेलं. घरी बरं नसताना किंवा खूप दमून आल्यावर जे खावंसं वाटतं, त्या जातीचं खाणं. सजावट नाही, ताटाला नक्षी नाही.

मी तिथे जाते ते जाळीपाशी उभ्या असलेल्या माणसासाठी. रस्सा मंद आचेवर ठेवून माणूस इतर चार कामं करू शकतो. भाजताना ती सोय नाही. निखाऱ्यावरचा तुकडा दीड मिनिट विसरलात की गेला. तिथे सतत कुणीतरी उभं लागतं, आणि ज्याचं नाव त्या जेवणाशी जोडलेलं आहे तोच उभा असेल तर त्याची नजर वेगळी असते. माझ्या ताटात जे येतं ते कुणीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलेलं असतं. मला त्याची किंमत वाटते.

एकदा मी मुद्दाम लवकर गेले होते. दार उघडायला तासभर होता, पण आजींनी "ये, बस" म्हणून आत घेतलं. काका कोळसा पेटवत होते. मला वाटायचं, कोळसा पेटला की भाजायला सुरुवात. तसं नसतं. आधी ज्वाळा उठतात, त्या विझू द्यायच्या. मग कोळशावर राखेचा पांढुरका थर चढतो आणि आतून तांबूस झळ दिसायला लागते. तोवर जाळीवर काही ठेवत नाहीत, कारण ज्वाळेने बाहेरून काळं पडतं आणि आत कच्चं राहतं. निखारे तयार झाले की काका ते एका बाजूला दाट पसरतात आणि दुसऱ्या बाजूला अगदी विरळ. म्हणजे एकाच जाळीवर एक कडक बाजू आणि एक सौम्य बाजू तयार होते. सगळं भाजणं या दोन बाजूंमधल्या ये-जा करण्यावर चालतं. कडक बाजूला रंग आणायचा, सौम्य बाजूला आतपर्यंत शिजू द्यायचं.

मग काका तळहात जाळीच्या वर वीतभर अंतरावर धरून मनात आकडे मोजतात. दोन-तीन आकड्यांत हात मागे घ्यावा लागला तर ती कडक आच, पाच-सहापर्यंत धरवला तर मध्यम. मी हात धरून बघितला. दोनच्या पुढे मोजता आलं नाही. निखाऱ्याची बरीचशी उष्णता किरणांच्या रूपाने थेट येते, मधली हवा तापेपर्यंत थांबत नाही. म्हणून ती चटका दिल्यासारखी अंगावर येते, आणि म्हणूनच तुकड्याचा वरचा थर इतक्या झटपट रंग धरतो.

त्या रंगाबद्दल थोडं सांगते, कारण "घरी तव्यावर तशी चव का येत नाही?" हाही प्रश्न मला येतो. मांस किंवा भाजी भाजताना प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखरा एकमेकांशी जुळतात आणि त्यातून शेकडो नवे वास आणि चवी तयार होतात. लुई कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव आहे. साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे ती वेग घेते. पण पृष्ठभागावर पाणी असेल तर तो 100 अंशांच्या आसपासच अडकून राहतो, आणि भाजण्याऐवजी वाफवलं जातं. ओलं मांस गच्च भरलेल्या तव्यात टाकलं की असं होतं: पाणी सुटतं, रंग पांढरट राहतो. काकूंची मुलगी प्रत्येक तुकडा जाळीवर जाण्याआधी कोरड्या फडक्याने टिपून घेते. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, ओलं ठेवलं तर आई परत पाठवते."

धुराची गोष्ट मला तिथेच कळली. चांगल्या कोळशाला स्वतःचा वास फारसा नसतो. लाकडातली वासाची द्रव्यं कोळसा बनतानाच बरीचशी उडून गेलेली असतात. आपल्याला जो वास ओढून नेतो तो कोंबडीच्या कातडीतली चरबी आणि रस टपकून निखाऱ्यावर पडतात, त्यांचा धूर होतो आणि तो वर येऊन पुन्हा त्याच तुकड्याला लागतो, त्याचा. तव्यावर हा फेरा घडतच नाही. फक्त हा धूर जास्त झाला तर कडवट होतो. चरबीचा थेंब पडून ज्वाळ उठली की काकूंचा चिमटा आधीच तिथे असतो, तुकडा सौम्य बाजूला सरकलेला असतो. त्यांना बघून करावं लागत नाही. चर्र आवाज बदलला की हात जातो.

जळकं खाणं चांगलं नाही, हे काळजीने सांगणारेही भेटतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. खूप कडक आचेवर मांस करपलं की काही घातक रसायनं तयार होतात, चरबीच्या धुरातूनही होतात. वरचेवर पालटत राहिलं, ज्वाळेपासून दूर ठेवलं आणि काळा झालेला भाग कापून टाकला तर ती कमी होतात. काकू पालटत राहतात आणि करपलेली कड कात्रीने काढून मगच ताटात वाढतात. तरीही मी रोज जात नाही, महिन्यातून दोनदा जाते.

त्यांच्याकडे बघून मी घरी प्रयत्न केला. कोंबडीच्या तुकड्यांना लिंबू आणि लसूण चोळून रात्रभर ठेवलं. जितका वेळ मुरेल तितकं आत जाईल अशी माझी समजूत. सकाळी वरचा थर पांढरा पडून पिठूळ झाला होता, आतल्या मांसाला मात्र चव नव्हती. पुढच्या वेळी काकूंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हातातलं काम सुरू ठेवून म्हणाल्या, "आंबट घालायचं ते शेवटी, अगं. आधी नुसतं मीठ." लिंबाचा रस आणि लसणाचा वास काही मिलिमीटरच आत जातात, बाकी सगळं वरच राहतं. मीठ मात्र आत पोचतं. चोळल्यावर आधी ते पाणी बाहेर ओढतं, वर थेंब दिसतात, आणि पाऊण एक तासात ते खारट पाणी मांस परत शोषून घेतं. त्यामुळे भाजतानाही ओल टिकते. त्या कोंबडीला सकाळी मीठ लावून ठेवतात आणि लिंबू ताटात वाढताना पिळतात. माझ्या घरी आता तसंच होतं, आणि फरक पडला आहे.

पण कितीही शिकले तरी एका गोष्टीसाठी मला तिथे जावंच लागतं. ती सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांचं खाणं कमी झालं. दात पडले, कवळी नीट बसेना, चावायला लागलं की दुखायचं. माणसांत जेवायला नको म्हणायचे, कारण घास तोंडात घोळत राहतो आणि समोरचे थांबून राहतात याचं त्यांना फार वाटायचं. मी त्यांना बळेच तिथे घेऊन गेले. फळ्यावरचं वाचून त्यांनी "मला फक्त पाव सांग" म्हटलं. काकूंनी जाळीपाशून एकदा आमच्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी मुलगा बाबांसमोर एक वेगळी बशी ठेवून गेला. तीत मांडीचा तुकडा होता, हाड काढलेला, बोटाच्या पेराएवढे तुकडे केलेला, आणि शेजारी राखेत भाजलेला कांदा, वरची काळी सालं सोलून टाकलेला, आतून लोण्यासारखा.

छातीचं मांस जरा जास्त शिजलं की कोरडं, दोरखंडासारखं होतं. मांडीचं उलट असतं. तिच्यात सांधणारे चिवट धागे आणि चरबी जास्त असते, आणि जास्त वेळ, जास्त तापमानाला ठेवली की ते धागे विरघळून मऊ लसलशीत होतात. कोंबडी आतून 74 अंशांना गेली की खायला सुरक्षित. काकूंनी मांडी सौम्य बाजूला त्याच्याही पुढे नेली होती, ऐंशीच्या वर. मुलाने हौसेने आणलेला तापमापक असतो, त्यावरून तो आकडा कळला. एरवी काकू बोटाने दाबून "झालं" म्हणतात आणि मुलगा तापमापक खुपसून बघतो. आईचं चुकलेलं त्याला अजून सापडलेलं नाही, असं तोच सांगतो.

बाबांनी सगळं संपवलं. हळूहळू, पण सगळं. मग कांद्याच्या रसाला पाव लावून तोही. मधेच मान वर करून जाळीकडे बघितलं, काकू तेव्हा पाठमोऱ्या होत्या. उठताना काउंटरपाशी थांबून आजींना म्हणाले, "सूनबाईंना सांगा, जेवलो." जास्त बोलणारा माणूस नव्हेच तो. त्यानंतर पुढच्या वेळेपासून ती बशी न सांगता येते.

कुणी मला नवं ठिकाण कसं निवडायचं विचारलं, तर मी एवढंच सांगते: जाळी दिसेल अशा टेबलावर बसा, आणि आज काय चांगलं आहे ते विचारा. फळा छोटा असेल तर घाबरू नका. गर्दीच्या वेळी जाऊन घाई करू नका. जाळीवर जागा मोजकी असते आणि भाजायला जो वेळ लागतो तो लागतोच. ताट आल्यावर मांसाला दोन मिनिटं टेकू द्या, आत उष्णता अजून सरकत असते आणि लगेच कापलं तर रस बशीत जातो.

आणि एखादी गोष्ट "आज नाही" म्हणाले तर रागावू नका. पहिल्या वर्षी एका संध्याकाळी मी मासा मागितला, तर मुलगा म्हणाला, "आज मासा नाही, बाबा गावाला गेलेत." मासा बर्फात होता, मला दिसत होता. पण मासा फक्त काकाच भाजतात. त्याचं मांस धरून ठेवणारे धागे इतके नाजूक असतात की कोंबडीपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला ते सुटतात, आणि कातडी जाळीला चिकटली तर अर्धा मासा जाळीवरच राहतो. जाळी घासून लख्ख आणि कडकडीत तापलेली हवी, माशाला तेलाचं बोट हवं, आणि मग थांबायचं. ओढायचं नाही. कातडी नीट भाजली की ती आपणहून जाळी सोडते. ते थांबणं काकूंना जमत नाही, असं त्या स्वतः म्हणतात. विकला असता तर त्या दिवशी पाच-सहा मासे गेले असते. विकला नाही.

मागच्या रविवारी गेले तर काका गल्ल्यावर बसले होते, गुडघ्याला पट्टा बांधून. आजी शेजारी. मी फळा बघितला, मासा लिहिलेला होता. जाळीपाशी मुलगी उभी होती. हातात चिमटा, पण तो माशाला लागलेला नव्हता. ती नुसती बघत होती. काकू तिच्या मागे पदराला हात पुसत उभ्या, काही न बोलता. एकदा मुलीने चिमट्याच्या टोकाने कड हलकेच उचलून पाहिली, चिकटलेली होती, सोडून दिली. गल्ल्यावरून काका मान लांब करून पाहत होते. मग तिने परत टोक घातलं आणि मासा अख्खा, कातडीसकट उलटला.

मी बाबांसाठी अर्धा आणि माझ्यासाठी अर्धा सांगितला.