घटलेलं वजन गेलं कुठे?

दीड वर्ष झालं रोज सकाळी टेकडी चढतोय, नऊ किलो उतरले. परवा जेवताना विषय निघाला की हे नऊ किलो गेले कुठे. आई म्हणाली "अरे घामातून, दुसरं काय", आणि मुलगी दहावीत आहे, ती म्हणाली चरबीची एनर्जी झाली. मलाही इतके दिवस तसंच वाटायचं. पण चरबीतले अणू काही नाहीसे होत नाहीत, ते कुठून तरी बाहेर पडलेच असणार ना!

तर ते श्वासातून जातात. १० किलो चरबी शरीराने पूर्ण वापरली तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात आणि १.६ किलोचं पाणी होतं, ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये हा हिशोब मांडला. मी तर थक्क झालो वाचून.

मग मुलीचं पुस्तक घेऊन बसलो. भाकरीतलं ग्लुकोज असो की पोटावरची चरबी, पेशीत तुकडे होत होत दोन्ही तंतुकणिकेतल्या (म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं ऊर्जाकेंद्र) क्रेब्स चक्र नावाच्या रासायनिक क्रियांच्या साखळीत येतात, तिथे कार्बन सुटा होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो आणि इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे पायरी पायरीने उतरत जातात, एकदम भडका नाही, म्हणून तर आपण भाजून निघत नाही. ऑक्सिजन येतो अगदी शेवटी, ते इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. म्हणजे आपण आत घेतो त्या ऑक्सिजनचाच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येतो असं जे मी शाळेपासून धरून बसलो होतो ते चूकच.

सुटलेली ऊर्जा एटीपी नावाच्या संयुगात साठते. शरीरात ते एका वेळी थोडंसंच असतं पण मोडून परत बनवून दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतकं फिरतं. हे एटीपी १९२९ मध्ये ज्यांनी शोधलं त्यात हार्वर्डमधले आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे नाव शाळेत कुणी सांगितलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुलीने लगेच विचारलं, मग बसल्या बसल्या जोरजोरात श्वास सोडला तर? नाही गं, त्याने नुसती चक्कर येईल. स्नायूंनी एटीपी खर्च केलं तरच पेशी आणखी चरबी मोडणार, त्यासाठी टेकडी चढावीच लागते. रविवारपासून तीही येतेय.