चारशे फेऱ्यांचे सव्यापसव्य

शर्यत सुरू होऊन पाच मिनिटे झाली असतील. एकमेकांचे बोलणे ऐकू येणे शक्यच नव्हते, म्हणून बाबांनी खिशातली छोटी वही काढली, तीत एकच शब्द लिहिला आणि ती माझ्यापुढे धरली : ‘अपसव्य’. मला काही उमगले नाही, हे पाहून त्यांनी तर्जनीने हवेत एक वर्तुळ काढून दाखवले. खाली चाळीस मोटारी डावीकडे वळत होत्या, थोड्या सरळ जाऊन पुन्हा डावीकडेच वळत होत्या, आणि मधले मैदान सतत त्यांच्या डाव्या हाताला राहत होते. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवायचा, हे ज्यांच्या पायांनाच ठाऊक आहे त्यांना ही उलटी फेरी खटकणे साहजिक होते. आणि अशा चारशे फेऱ्या व्हायच्या होत्या.

ही हकिगत २५ मे २०२५ च्या रविवारची. मी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहरात राहतो. इथे बँकांची मोठमोठी कार्यालये असल्यामुळे त्यांच्या संगणकांची उस्तवार करणारी मराठी माणसेही बरीच आहेत. पण शहराच्या ईशान्येला, कॉनकर्ड येथे जो मोटारशर्यतींचा मोठा ट्रॅक आहे, तिकडे माझ्या ओळखीच्यांपैकी कोणी फिरकलेले नव्हते. ‘गोल गोल फिरणाऱ्या गाड्या काय पाहायच्या,’ हे वाक्य मी स्वतः, एकही शर्यत न पाहता, अनेकदा म्हटलेले होते. त्या वर्षी मात्र शेजारच्या आजोबांकडे दोन तिकिटे उरली होती, आणि सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या बाबांनी आयुष्यभर एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक म्हणून काम केले आहे, हे त्यांना कुंपणापलीकडून कळले होते. असा माणूस ही शर्यत न पाहता परत जाणार असेल तर तो आपल्या गावाचा अपमान ठरेल, असे काहीसे ते म्हणाले.

मग सव्यापसव्य सुरू झाले. कानांत घालायचे बोळे, त्यांवर लावायचे कर्णरक्षक, टोप्या, रात्रीसाठी स्वेटर. शर्यत संध्याकाळी सहानंतर सुरू होऊन रात्री उशिरा संपणार होती आणि प्रेक्षकांना खाणेपिणे बरोबर नेण्याची मुभा होती. एवढे कळल्यावर ‘मला तो आवाज सोसायचा नाही’ म्हणून घरी राहणाऱ्या आईने दशम्या, लसणाची चटणी आणि दह्यातली कोशिंबीर असा जामानिमा बांधून दिला. शेजारच्या आजोबांच्या पेटीत बर्फ आणि बिअर होती. दोन्ही शिदोऱ्या पुढे एकमेकींत मिसळल्या, ते सांगण्याची गरज नाही.

प्रवेशद्वाराबाहेरच्या पटांगणात एक मोटार लोकांना पाहण्यासाठी ठेवली होती. बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले (सव्य दिशेने) आणि मग त्यांनी दाराला हात घातला. दार नव्हतेच, दाराच्या आकाराची नुसती रेघ होती. चालक खिडकीतून आत शिरतो. पुढचे दिवे म्हणजे चिकटवलेली चित्रे होती. ‘स्टॉक कार’ या शब्दाचा अर्थ दुकानात विक्रीला असते तशीच्या तशी गाडी असा असल्याचे मी त्यांना घरून निघताना सांगितले होते, त्यामुळे ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागले ती नजर मला शाळेतल्या प्रगतिपुस्तकापासून परिचित आहे.

शब्द मात्र खोटा नाही, जुना आहे. या शर्यतींचे मूळ बरेचसे हातभट्टीच्या दारूत आहे. इथल्या डोंगरांत दारू गाळून ती रात्रीच्या अंधारात शहरात पोहोचवणारे लोक बाहेरून साध्या दिसणाऱ्या मोटारींच्या पोटात तगडे इंजिन बसवत, आणि माल भरल्यावर गाडी मागून बसू नये म्हणून मागचे पाटे (स्प्रिंगा) कडक करून घेत. पोलिसांच्या हाती न लागण्यात तरबेज झालेली ही मंडळी रविवारी कोणाची गाडी पळते ते पाहू लागली. पुढे ‘नॅसकार’ ही संस्था १९४८ मध्ये रीतसर स्थापन झाली, आणि दुकानातल्यासारख्याच गाड्यांची तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी याच शार्लटमधल्या एका मातीच्या ट्रॅकवर झाली. ग्लेन डनवे हा चालक पहिला आला. नंतर तपासणीत त्याच्या गाडीचे मागचे पाटे दारूवाल्यांच्या पद्धतीने बसवलेले आढळले, आणि दुसऱ्या आलेल्या जिम रोपरला विजेता ठरवण्यात आले. गाडीच्या मालकाने कोर्टात दावा लावला आणि तो हरला. विल्क्स परगण्यातला ज्युनियर जॉन्सन तर १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला जाऊन तुरुंगात राहून आला, त्याने कारकिर्दीत ५० शर्यती जिंकल्या, आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. बाबांना यातली पाट्यांची गोष्ट सर्वांत आवडली. ‘‘तपासणारा माणूस चांगला होता,’’ एवढेच ते म्हणाले.

कॉनकर्डचा हा ट्रॅक १९६० मधला. खोदताना खाली ग्रॅनाइट लागल्यामुळे काम रखडले आणि मे महिन्यात ठरलेली पहिली शर्यत पुढे गेली. ती झाली तीही १९ जूनलाच, हा योगायोग मला उगाचच आवडतो. दीड मैलाची एक फेरी, अशा चारशे फेऱ्या, म्हणजे सहाशे मैल किंवा सुमारे ९६५ किलोमीटर. नॅसकारच्या शर्यतींत याहून लांब शर्यत नाही. मुंबईहून निघून बंगळूर गाठावे, आणि सगळा प्रवास एकाच लांबट वर्तुळात करावा, असा हा प्रकार. वळणांवर रस्ता २४ अंशांनी तिरका आहे, आणि हा आकडा वाचून काहीच कळत नाही. तिथे उभे राहिल्यावर दिसते की तो रस्ता नसून डांबराचा उतारच आहे, आणि त्यावरून मोटारी ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात.

आवाजाबद्दल काय लिहावे? मला तो कानांनी ऐकू आलाच नाही, कारण कान बंद होते. तो बाकाच्या पत्र्यातून पायांत आला, तिथून पोटात गेला आणि बरगड्यांत बसला. चाळीस मोटारींचा जथा समोरून गेला की हवेचा एक गरम लोट येई, त्याला जळक्या रबराचा वास असे, आणि अर्ध्या मिनिटाने सगळे पुन्हा तेच. दोन-चार फेऱ्यांनंतर ओठांवर आणि कोशिंबिरीवर बारीक काळे कण दिसू लागले. ते टायरांचे होते. बाबांनी डब्याला झाकण लावले, आणि नेमक्या त्याच वेळी, तिसऱ्या फेरीला, शेजारच्या आजोबांनी तीन बोटे वर करून हात उंचावला. इथून जवळच्या कॅनापोलिस गावचा डेल अर्नहार्ट तीन क्रमांकाची गाडी चालवत असे. १८ फेब्रुवारी २००१ रोजी फ्लोरिडातल्या डेटोनाच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, भिंतीवर आदळून तो गेला. त्यानंतर चालकाचे डोके आणि मान सांभाळणारे उपकरण सक्तीचे झाले, भिंतींना धक्का शोषणारे अस्तर आले, आणि या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतीत पुन्हा कोणी दगावले नाही.

पहिल्या तासात मला काहीही कळले नाही, हे कबूल करतो. पहिला कोण आणि एक फेरी मागे पडलेला कोण, हे वर्तुळात ओळखू येत नाही. बाबांना मात्र कळू लागले होते. आजोबांनी आपले स्कॅनर नावाचे यंत्र त्यांच्या कानांवर चढवले होते, ज्यातून चालक आणि त्याचे तंत्रज्ञ यांच्यातले बोलणे प्रेक्षकांना ऐकता येते. बाबांचे इंग्रजी बेताचे आहे. पण ‘टाइट’ आणि ‘लूज’ हे दोन शब्द त्यांनी लगेच पकडले. वळणावर गाडीचे तोंड वळत नसेल तर ती टाइट, आणि मागचा भाग घसरू लागला तर लूज. ऊन उतरून डांबर थंड होत जाते तशी तीच गाडी वेगळी वागू लागते, त्यामुळे दिवसा सुरू होऊन रात्री संपणाऱ्या या शर्यतीत चालक चार तास तक्रारच करत असतो आणि खालचा माणूस शांतपणे ‘बघतो’ म्हणत असतो. बाबांच्या चेहऱ्यावर हसू पसरले. त्यांनी वहीत लिहिले : ‘सगळे चालक सारखेच.’

गाडी चाके बदलायला आली की बाबा उठून उभे राहत आणि घड्याळाकडे पाहत. पाच माणसे कठड्यावरून उडी मारून रस्त्यावर येतात. एक जण जॅक सरकवून गाडीची एक अख्खी बाजू उचलतो, दोघे चाके काढतात आणि बसवतात, एक जण चाके आणतो, आणि एक जण सुमारे चाळीस किलोचा इंधनाचा डबा खांद्यावर घेऊन तो टाकीत उपडा करतो, कारण इथे पंपाची नळी नसते. उजवी बाजू झाली की सगळे धावत डावीकडे. दहा-अकरा सेकंदांत गाडी निघून जाते. पूर्वी प्रत्येक चाकाला पाच नट असत, २०२२ पासून मधोमध एकच असतो, असे मी माहिती असल्याच्या थाटात सांगितले. बाबांनी हात झटकला. नट किती, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. पाच माणसांपैकी एकही दुसऱ्याच्या वाटेत येत नाही, हे ते पाहत होते. आमच्या डेपोत दोन माणसे एका चाकाशी बसली की तिसऱ्याला ओलांडूनच जावे लागे, असे ते नंतर म्हणाले. आणि ही पाच माणसे व्यायामशाळेतली वाटतात, या त्यांच्या शंकेवर आजोबांनी मान डोलावली, कारण यांतले बरेच जण महाविद्यालयात अमेरिकन फुटबॉल खेळलेले असतात.

दोनशे फेऱ्या झाल्या तेव्हा अंधार पडला होता. सगळ्या मोटारी संथपणे आल्या आणि एकामागोमाग एक, कठड्यालगतच्या मार्गिकेत थांबल्या. मग इंजिने बंद झाली. मे महिन्यातला शेवटचा सोमवार इथे लढाईत मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस असतो, आणि ही शर्यत त्याच्या आदल्या रात्री होते. एरवी पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवर चालकाचे नाव असते. त्या रात्री प्रत्येक गाडीवर एकेका मृत सैनिकाचे नाव होते. संध्याकाळपासून ती नावे आमच्यासमोरून दोनशे वेळा गेली होती, आणि त्या वेगात त्यांतले एकही वाचता आले नव्हते. आता मोठ्या पडद्यावर ती दिसत होती. हजारो माणसे उभी होती आणि कोणाच्या हातातला डबासुद्धा वाजत नव्हता. पायांखालचा पत्रा स्थिर झाल्याचे मला विचित्र वाटले. आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली होती. त्यांचा थोरला भाऊ व्हिएतनामहून परतला नाही, हे मला सात वर्षे त्यांच्या शेजारी राहून त्या रात्री, पुन्हा खाली बसताना, कळले.

बाबांनी वही काढली. श्राद्धाला पितरांचे नाव घ्यायची वेळ आली की जानवे उजव्या खांद्यावर घेतात, आणि गुरुजी म्हणतात तो शब्द तोच असतो. ‘अपसव्य’ या शब्दाखाली त्यांनी लिहिले : ‘बरोबर आहे.’ मग इंजिने पुन्हा सुरू झाली.

उरलेली शर्यत मला समजली असे म्हणता येईल. विल्यम बायरन हा शार्लटचाच मुलगा, संगणकावरच्या खेळात मोटार चालवायला शिकून इथवर आलेला, सर्वांच्या पुढे होता. शर्यतीचे पहिले तिन्ही टप्पे त्याने जिंकले आणि ४०० पैकी २८३ फेऱ्यांत आघाडी त्याच्याकडे होती. गावचा मुलगा जिंकणार म्हणून आमच्या रांगेत आनंद होता. रॉस चास्टेन मात्र सर्वांत मागून, चाळिसाव्या क्रमांकावरून निघालेला. शनिवारी सरावात टायर फुटून त्याची गाडी भिंतीवर आदळली होती आणि त्याच्या माणसांनी रात्री उशिरापर्यंत जागून दुसरी गाडी उभी केली होती. हे आजोबांनी सांगितल्यापासून बाबांनी दुसऱ्या कोणाकडे पाहिले नाही. २०२२ मध्ये मार्टिन्सव्हिल इथल्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, याच चास्टेनने गाडी मुद्दाम भिंतीला घासत, वेग कमी न करता, पाच गाड्या मागे टाकल्या होत्या. पुढे संस्थेला तसे करण्यावर बंदी घालावी लागली. आता त्याने भिंत वगैरे काही केले नाही. सहा फेऱ्या उरल्या असताना तो सरळ बायरनच्या पुढे गेला आणि पुढेच राहिला. रात्रपाळी केलेल्या मेकॅनिकांसाठी बाबांनी टाळ्या वाजवल्या, त्या त्यांच्या स्वतःच्याही कानांपर्यंत पोहोचल्या नसतील.

चास्टेनच्या घराण्यात फ्लोरिडात आठ पिढ्या कलिंगडाची शेती आहे. तो जिंकला की कोणीतरी त्याच्या हातात एक कलिंगड देते. त्याने ते डोक्यावर उंच धरले आणि खालच्या डांबरावर आपटले. लाल फोडी सगळीकडे उडाल्या. तोवर आवाज बराच निवला होता, त्यामुळे बाबांचे वाक्य आम्हा दोघांनाही स्वच्छ ऐकू आले : ‘‘वाढवलं बघ!’’

ते काय म्हणाले, असे आजोबांनी मला विचारले. नारळ फोडतो तरी आम्ही ‘फोडला’ म्हणत नाही, ‘वाढवला’ म्हणतो, आणि तसे का म्हणतो, हे इंग्रजीत सांगायला मी तिथेच सुरुवात केली. वाहनतळातून बाहेर पडायला आम्हाला दीड तास लागला. तेवढ्यात ते कसेबसे सांगून झाले.