खळगा एकसारखा नसतो तेव्हा

रात्री उशिरा

आज दिवसभर डोक्यात फेरॉनच घोळतोय, म्हणजे स्वतःचं विद्युत ध्रुवीकरण (धन आणि ऋण प्रभार जरा वेगळे सरकलेले असणं) असलेल्या पदार्थात त्या ध्रुवीकरणाला बदलत जाणारं कंपन. ‘शेवटी फोनॉनच (स्फटिकातल्या अणूंच्या कंपनाचा क्वांटम, म्हणजे सगळ्यात छोटा हिस्सा) ना तो, मग एवढा गाजावाजा कशाला?’ ही कुरकुर मला अर्धीच पटते.

निओबियम ऑक्साइड डायआयोडाइडचा पातळ थर घेऊ. यात निओबियमचा अणू दोन ऑक्सिजनच्या बरोबर मधे बसत नाही, एकाकडे सरकलेला असतो. एक बंध आखूड, पुढचा लांब. साखळीतले सगळे निओबियम एकाच दिशेला सरकले की थराच्या पातळीतच ध्रुवीकरण तयार होतं. आता हे अणू हलू लागले तर काय?

ते ज्या ऊर्जेच्या खळग्यात बसलेत तो दोन्हीकडून सारखा असता, तर सरासरी जागा हलली नसती आणि ध्रुवीकरणही जिथल्या तिथे राहिलं असतं. पण खळग्याची भिंत मधल्या बाजूला मंद चढाची आणि बाहेरच्या बाजूला तीव्र चढाची आहे. त्यामुळे अणू जितका जोरात हलेल, तितकी त्याची सरासरी मधे सरकते आणि ध्रुवीकरण घटतं. म्हणजे कंपनाचा प्रत्येक क्वांटम उलट्या दिशेचा इवलासा द्विध्रुव (धन-ऋण प्रभारांची जोडी) सोबत नेतो. हाच फेरॉन. चुंबकात मॅग्नॉन (चुंबकीय लहरीचा क्वांटम) जसा चुंबकत्व थोडं घटवतो, त्याचाच हा विद्युत भाऊ. माझ्या मते सगळी गंमत या असममितीत आहे, नावात नाही.

संध्याकाळी कागदावर आकडे मांडले. या पदार्थातलं ध्रुवीय कंपन साधारण 3.1 टेराहर्ट्झचं. एक हेलकावा जेमतेम 320 फेम्टोसेकंदांचा, म्हणून ते लेझरने एका तालात सुरू करायचं तर स्पंद त्याहून बराच आखूड हवा. क्वांटमची ऊर्जा सुमारे 13 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या निम्मी. म्हणजे लेझर लावायच्या आधीच प्रत्येक अशा कंपनात सरासरी दीड क्वांटम भरलेला! तापवलं की ध्रुवीकरण का उतरतं, याचं मोठं कारण इथेच हाती लागतं.

एकच थर असेल तर आणखी एक फरक पडतो. जाड स्फटिकात आडव्या (अणू लहरीच्या दिशेला काटकोनात हलतात अशा) आणि उभ्या (अणू लहरीच्याच दिशेत हलतात अशा) ध्रुवीय लहरींच्या वारंवारतांमध्ये ठरावीक फट असते. एका थरात मात्र विद्युतक्षेत्र बाहेरच्या पोकळीत सांडतं आणि तरंगलांबी वाढत गेली की ती फट मिटत जाते. त्यात हा पदार्थ अर्धवाहक, त्यामुळे लेझरने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन ते क्षेत्र आणखी झाकतात, म्हणजे कमजोर करतात. हा भाग जोडला की गणित बरंच किचकट होतं. आज तिथेच थांबलो.