तिरकी यागी सरळ झाली, रणाचा बेत मात्र बदलतोय

सापडलं एकदाचं! टेप-मेजर यागी (मोजपट्टीच्या पोलादी पट्ट्यांची, एका दिशेला जास्त ऐकणारी अँटेना) डावीकडे का ओढत होती, त्याचं कारण हातात आलंय. त्यामुळे थंडीतल्या, कच्छच्या छोट्या रणातल्या फॉक्स हंटवर (लपवलेला छोटा ट्रान्समीटर, म्हणजे फॉक्स, रेडिओने शोधायचा खेळ) पुन्हा बोलायला हरकत नाही.

नेरुळच्या तळ्याकाठी लपवलेला फॉक्स मला सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावर दाखवणारी हीच ती यागी. तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून खापर मल्टिपाथवर (आजूबाजूला आपटून भलतीकडून येणाऱ्या सिग्नलवर) फोडलं होतं. पाम बीचला ते सोपंही असतं. एकीकडे टॉवर, दुसरीकडे लोखंडी होर्डिंग. १४५.५ मेगाहर्ट्झला लहर दोन मीटरची, उभ्या बसच्या पत्र्यावरूनसुद्धा सिग्नल परततो. शहरात बेअरिंग (फॉक्सची दिशा) चुकलं की इमारतीला शिव्या घालून मोकळं व्हायचं.

रणात शिव्या घालायला इमारतच नाही. जवळपास ५००० चौरस किलोमीटर सपाट, तडकलेली माती. परावर्तन करणारी एकच मोठी वस्तू, ती म्हणजे आपलीच जीप. तिथे जी चूक येईल ती अँटेनाची नाहीतर धरणाऱ्याची. शिवाय अंतरं लांब. वीस अंशांची चूक सात किलोमीटरवर अडीच किलोमीटर होते. म्हणून यागीची स्वतःची चूक मोजायचीच असं ठरवलं.

खारघरच्या मोठ्या मैदानावर पहाटे फॉक्स दोनशे मीटरवर ठेवला. उभं पोलरायझेशन (पट्ट्या उभ्या), ऑफसेट ॲटेन्युएटर (सिग्नल ४ मेगाहर्ट्झ सरकवून कमी करणारी डबी) लावलेला, मीटर अर्ध्यावर. दर दहा अंशांना थांबून वहीत आकडा. खरी दिशा फोनच्या जीपीएसवरून. पीक (सगळ्यात जोरदार सिग्नल) सतत वीसेक अंश डावीकडे आणि मागचा नल (जिथे सिग्नल मरतो) पीकच्या बरोबर विरुद्ध नाहीच, कुठेतरी खांद्याच्या बाजूला. सीवूड्सचे काका म्हणाले, "अरे, डोंगर आहे ना मागे!" मी म्हटलं, काका, डोंगर असेल तर तो जागचा हलणार नाही. म्हणून बूम तसाच ठेवून यागी उलटी केली, वरचं टोक खाली. चूक डावीकडून उजवीकडे गेली! डोंगर असा बाजू बदलत नाही. बूमच्या ज्या अंगाने केबल खाली सुटते, त्याच अंगाला पीक झुकत होतं.

म्हणजे कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) जाळीच अँटेना झाली होती. हेअरपिन मॅच (केबलशी मेळ घालणारी तारेची वळी) असलेल्या या डिझाइनला बॅलन (जाळीवरचा प्रवाह रोखणारा भाग) नाही, तरी बहुतेकांची यागी मजेत चालते, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. फीडपॉइंटपाशी (केबल अँटेनाला जुळते तिथे) आरजी-५८ केबलची पाच वेटोळी, म्हणजे चोक, घातली, पाइपवर घट्ट, झिपटायने बांधून. चूक वीसवरून सातेक अंशांवर आली. दिवाळीच झाली म्हणायची.

पण खरा छळ इथून पुढे. मैदानात उभं राहून सात अंश, चालायला लागलं की मीटर माकडासारखं नाचायचं. मूठ बदलली तरी वेगळं बेअरिंग. ॲटेन्युएटर उघडला, ४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर ठीक, डायोड ठीक. हेअरपिनचे सांधे पुन्हा तापवले. टेपचा रंग खरवडून डाग (सोल्डर) दिलेला भाग पक्का होता. केबल बदलली, फरक शून्य. शेवटी मल्टिमीटर बीप मोडवर ठेवून सगळी साखळी टोकापासून टोकापर्यंत हलवत गेलो आणि हँडीवरच्या (हातातल्या रेडिओवरच्या) बीएनसी-एसएमए ॲडॉप्टरला (केबल जोडायच्या तुकड्याला) बोट लागताच बीप तुटली. बाहेरची कडी आत सैल, जाळीचा संपर्क कधी आहे, कधी नाही! असा ॲडॉप्टर मधे असल्यावर चोक तरी काय करणार? ऑनलाइन, पाच नगांचं पाकीट, त्यातले तीन असेच निघाले. कनेक्टर लॅमिंग्टन रोडवर जाऊन, हातात घेऊन, वळवून बघूनच घ्यावेत हे माझं जुनं मत आता हट्ट झालंय. तीच गोष्ट केबलवर चिमटायच्या फेराइटच्या कड्यांची. मिक्सचा (फेराइटच्या मिश्रणाचा) नंबर न सांगणाऱ्याकडून घेऊच नका. ४३ असेल तर बोला.

नव्या ॲडॉप्टरवर चूक तीन-चार अंश, उलटी-सुलटी धरली तरी तेवढीच. मागचा नल इतका खोल की मीटर झोपतो.

त्याच सकाळची एक मजा. काकांच्या भाचीला शेवटच्या वीस मीटरसाठी यागी दिलीच नाही. हँडी ४३६.५ वर लावून, अँटेना काढून छातीशी धरायला सांगितली. तिसरा हार्मोनिक (फॉक्सच्या तिप्पट वारंवारतेची पुसट लहर) फक्त जवळच ऐकू येतो. ती गोल फिरली, पाठ कुठे असताना आवाज मरतो ते बघितलं आणि सरळ जाऊन उलट्या घमेल्याखालून फॉक्स काढला. ४ मेगाहर्ट्झचा ऑफसेट ओव्हरलोड झाला की ८ मेगाहर्ट्झ सरकून बघा, हेही तिला तिथेच शिकवलं.

आता रण. तिथे होकायंत्र लागणारच, कारण खूण धरायला झाड नाही. मी ते बूमवर बसवायच्या विचारात होतो, पण हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की टेप पोलादी आहे, सुई तिच्याकडेच बघणार. टेपचा फायदा काय, तर झाडीत वाकते. ठाण्याच्या येऊरमधल्या करवंदीत ते वरदान, रणात झाडीच नाही! मग पितळी सळ्या का नकोत? डाग बसतो आणि सुई हलत नाही. सळी टेपपेक्षा बारीक, त्यामुळे लांबी थोडी वाढवावी लागेल. १०५ सेंटिमीटरच्या रिफ्लेक्टरपासून सुरुवात करून मैदानातच जुळवतो. म्हणजे टेप-यागी ठाण्यासाठी, पितळी रणासाठी. बेअरिंग जीपपासून वीस पावलं दूर जाऊनच घ्यायचं.

दुसरा बदल फॉक्सचा. जमिनीवरच्या डब्यात ठेवला तर, अँटेना ३० सेंटिमीटरवर आणि आपली दीड मीटरवर धरली, तरी कागदावर क्षितिज सात किलोमीटर, आणि अर्ध्या वॉटवर तेही ऐकू येईल असं वाटत नाही. चार मीटरच्या काठीवर चढवला तर तेरा. पण मग काठीच दुर्बिणीतून दिसेल. म्हणून काठीवरचा एक फॉक्स दिशा देण्यापुरता आणि जमिनीवरचे दोन खरे, असा बेत सुचतोय. पाच मिनिटांच्या चक्रात एमओई (फॉक्सची मोर्समधली ओळख) काठीवर, एमओआय आणि एमओएस मातीवर.

मोठ्या रणाचा विषय बंद. सीमेजवळ रेडिओ घेऊन फिरायची कटकट नको. छोटं रण अभयारण्यात येतं, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी आणि पावसाचं पाणी आटल्याशिवाय तारीख नाही. चार मीटरची काठी कुणाकडे आहे? फायबरची हवी, कार्बनची नको, ती वीज वाहते.