सालांडर आणि हक्कसोडपत्र

फोंडा, रविवार, रात्रीचे साडेअकरा

पाऊस कालपासून थांबायचं नाव घेत नाही. संध्याकाळी गेलेली वीज नऊला आली. मासेमारी बंद असल्यामुळे बाजारात ताजं काही नव्हतं. पेज आणि सुक्या सुंगटांची किसमूर, तेवढ्यावर भागवलं आणि तिसरा भाग एकदाचा संपवला. मे महिन्यापासून ही बया माझ्या मानगुटीवर बसली होती.

लिस्बेथ सालांडर. स्टीग लार्सन या स्वीडिश पत्रकाराच्या 'मिलेनियम' मालिकेची नायिका. उंची जेमतेम पाच फूट, अंगावर गोंदण, भुवईत बाळी. कोणाशी धड बोलणं नाही, पण दुसऱ्याच्या कंप्युटरमध्ये शिरणं हातचा मळ. आमच्या वाड्यावर राहायला आली असती तर आठवड्यात तिचं 'पिशें', म्हणजे वेडी, असं नाव पडलं असतं. स्टॉकहोममध्येही वेगळं काही झालेलं नाही. फरक एवढाच, तिथे ते सरकारी शिक्का मारून झालंय. कायद्याने ती स्वतःचा कारभार बघायला नालायक ठरलेली आहे. तिच्या डोक्यावर पालक नेमलेला, बँकेतले तिचेच पैसे त्याच्या हाती. पहिला पालक भला म्हातारा होता. तो आजारी पडल्यावर दुसरा आला, आणि तो निघाला वकील!

वकिलाच्या ऑफिसात अकरा वर्षं टायपिंग करणाऱ्या बाईने हे वाचताना खुर्चीत चुळबुळ केली नसती तरच नवल.

तो वकील तिच्याशी जे करतो ते इथे लिहवत नाही. ती पोलिसांकडे जात नाही, रडत कोणाच्या दारात उभी राहत नाही. पुढे ती त्याचं जे करते त्यातला एक तपशील मला फार आवडला. दर महिन्याला त्याने तिच्या चांगल्या वर्तणुकीचा अहवाल स्वतःच्या हाताने लिहून सरकारदरबारी पाठवायचा, अशी अट. सूड म्हणजे सुरा-पिस्तूल असंच वाचत आले होते. कागदाचा सूड कागदाने, हे आमच्या धंद्यातलं वाटलं.

सगळंच भावलं असं नाही. माणसं सारखी कॉफी पितात आणि पावबटर खातात, योगायोग तर पावलापावलावर. आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला ती छातीची शस्त्रक्रिया करून घेते, तिथे मी पुस्तक मिटलं. ही हौस तिची नव्हे, लिहिणाऱ्या पुरुषाची. पहिल्या भागाचं मूळ स्वीडिश नाव 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष' असं रोखठोक आहे. इंग्रजीत ते बदलून तिला 'मुलगी' केलं. चोवीस वर्षांची बाई, मुलगी कसली?

लार्सन २००४ साली पन्नाशीत हृदयविकाराने गेला. पुस्तकं २००५ पासून निघाली. त्याच्याबरोबर तीसेक वर्षं राहिलेली एव्हा गाब्रिएल्सन त्याची लग्नाची बायको नव्हती. कायदेशीर मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे सगळं वडील आणि भावाकडे गेलं. हे वाचून मी त्या रात्री जागीच होते. आमच्याकडे गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेले नियम. लग्न झालं की सर्वसाधारणपणे निम्मी मालमत्ता बायकोची, लेकीला लेकाइतकाच वाटा. वडिलार्जित जमीन विकायची तर बहिणींच्या सह्या हव्यात, वर त्यांच्या नवऱ्यांच्याही. जावई लोक एरवी तोंड दाखवत नाहीत, त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

पण एव्हाकडे कागद नव्हता, आणि आमच्याकडे कागद आहे तरी काय होतं ते मी रोज बघते. बहिणी येतात त्या हक्कसोडपत्रावर सही करायला. "खंय सय करूं?" एवढाच प्रश्न. भावाचं बोट त्या जागेवर आधीच टेकलेलं असतं. मीच पेन्सिलीने फुली मारून ठेवते, म्हणजे वेळ जात नाही. अशा किती फुल्या मारल्या असतील मी!

तिसऱ्या भागात सालांडरचा खटला चालतो. तिची वकील बाई आहे. मोठमोठे तज्ज्ञ तिला वेडी ठरवायला बसलेत आणि ही नेहमीच्याच काळ्या वेषात, विचारलं तेवढ्यालाच उत्तर देत बसते. बापडी दिसायला साफ नकार. मला तिचा लळा लागला तो इथे. पुढे तिच्याही नावावर बापाच्या इस्टेटीतला वाटा येतो, पण ते असो, रहस्य फोडत नाही.

शुक्रवारी साठीच्या एक बाई आल्या होत्या, भावाबरोबर. मी कागद पुढे सरकवला. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि विचारलं, "हातूंत कितें बरयलां?" म्हणजे यात काय लिहिलंय? भाऊ म्हणाला, "अगे, तेंच तें, घरा सांगिल्लें." त्या काही बोलल्या नाहीत. चौदा पानं होती. पहिल्यापासून वाचायला लागल्या, ओळीखाली बोट धरून. भावाने दोनदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी उठून त्यांच्या डोक्यावरचा पंखा सुरू केला.